बसचा रकाना

दौलत, रविवारी तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे, आणि कांता वहिनी म्हणते, "भाऊजी, तुमीच बोला. त्याईचे लहानपनापासूनचे दोस्त तुमीच." बोलायला मी कधी मागे सरलो का? ग्रामसभेत माईक माझ्या हाती आला की तू मागून मनगटावरचं घड्याळ दाखवायचास. पण परवा तुझ्या ओसरीवर बसून नुसतं "आमचा दौलत" एवढं म्हणून पाहिलं, तर पुढचं सोडून मी खोकायलाच लागलो, आणि वहिनीलाच उठून पाणी आणावं लागलं. मग तीच म्हणाली, लिहून काढा, तुमची नात वाचून दाखवेल. म्हणून लिहायला बसलोय, तेही शाळेतल्या मराठीत. हसू नको.

तुझा जन्म कोणत्या सालचा, नोकरी किती वर्षं झाली, मुलं काय करतात, हे सगळं पत्रिकेत छापलंय. भंतेजीही सांगतील. मला ते सांगायचं नाही. मला आपलं भांडण पुरं करायचंय. बारा वर्षांचं भांडण अर्ध्यावर टाकून तू निघून गेलास, हे काही बरं केलं नाहीस बाप्पा. त्या भांडणात मी चुकीचा होतो, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. तुला सांगितलं नव्हतं, एवढंच.

तू पवनी-लाखांदूर गाडीवर कंडक्टर. गाडी आपल्या फाट्यावर थांबायची. फाट्यावरून गाव अर्ध्या तासाची वाट, आणि मधे नाला. नाल्यावर पूल नाही, नुसता तो रपटा, पात्रातूनच जाणारा फरशीचा रस्ता. त्याचा उतार असा खडा आणि रुंदी एवढी कमी की समोरून ट्रॅक्टर आला तर सायकलवाल्यानं शेताच्या धुऱ्यावर चढावं. पावसाळ्यात तर रपटाच पाण्याखाली. मग गाडीतून उतरलेली माणसं, बायाबापड्या, शाळेची पोरं, सगळी मोहाच्या झाडाखाली पाणी ओसरायची वाट पाहत बसायची. तू दारातून ओरडायचास, "उतरा बाप्पा उतरा, इथून समोर गाव तुमच्याच पायानं येते!" लोक हसायचे. तू हसत नव्हतास. मी मागच्या सीटवर असायचो, मला दिसायचं ते.

एकदा तुझी ड्युटी संपली होती आणि आपण दोघं फाट्यावरून चालत येत होतो. तुझ्या खांद्याला ती चामड्याची बॅग. रपट्याच्या मधोमध तू थांबलास.

"उप," तू म्हणालास. मी तेव्हा उपसरपंच होतो, सरपंचकी दोनदा हुकलेली, म्हणून तू मला 'उप' म्हणायचास आणि मला राग यायचा. "उप, मले रिटायर व्हाच्या आंदी एक डाव माह्या घरापुढं डबल बेल माराची हाये."

"तुह्या घरापुढं बस? काहून बे, तू काय पालकमंत्री हायेस?"

"कांता दारात उभी राहीन. मी दोरी ओढीन, टिंग टिंग. अन् तिले म्हनीन, चला बाई, सुटे पैसे काढा."

बस, एवढंच. जन्मभर दुसऱ्यांच्या गावात बस नेऊन पोचवणाऱ्या माणसानं आपल्या गावासाठी एक घंटी मागितली. मी त्यावर काय केलं? मी तुझी टर उडवली आणि पुढे चालायला लागलो.

आणि खरं सांगायचं तर ते होणारही होतं. डेपोतून लेखी आलं होतं, पूल झाला की बस आत येईल. पुलाचं नाव जिल्ह्याच्या आराखड्यात लागलं होतं. लहानसा पूल, एका वेळी एक गाडी जाईल असा, पण पाण्याच्या वर. तेवढा पैसा जिल्ह्याच्या हातात होता. एकच कागद बाकी होता, रहदारीच्या मोजणीचा. सात दिवस रपट्याजवळ बसायचं आणि जी गाडी जाईल-येईल तिची रेघ मारायची. कागदावर रकाने आखलेले. सायकल, मोटारसायकल, बैलबंडी, ट्रॅक्टर, जीप, ट्रक, बस. तुझ्या नोकरीची तेव्हा तीन वर्षं उरली होती.

मोजायला जो रोजंदारीवरचा माणूस आला, तो आला नेमका मंडईच्या आठवड्यात. दिवाळीनंतरची आपली मंडई, म्हणजे गावची जत्राच. घरोघर पाहुणे, लेकी-जावई, पाळणे, मिठाईची दुकानं, आणि रात्रभर नाटक. त्या भल्या माणसानं तीन रात्री पहिल्या रांगेत बसून नाटक पाहिलं आणि तीन दिवस मोहाखाली घोरत काढले. तू मंडईची सुटी टाकून घरी होतास. चौथ्या दिवशी तू त्याला म्हणालास, "झोप भाऊ तू, कागद दे इकडे." मोजणं तुझ्या हाडातच होतं. बसमध्ये चढल्या चढल्या तू मुंडकी मोजायचास आणि कधी एकानंही चुकत नव्हतास.

तोच मोजणीवाला चहा पिता पिता माझ्याजवळ बोलून गेला, की हिशेबात बैलबंडीला मोठा मान आहे. बंडी हळू चालते, रस्ता अडवते, म्हणून एक बंडी कैक मोटारींच्या बरोबरीची धरतात. झालं! माझ्या डोक्यात किडा शिरला. मी सकाळी सकाळी गावभर फिरलो. "काढा रे बंड्या! पूल पायजे ना? मंग काढा!" धान कापून शेतातल्या बांध्यांत पडलेलं होतं, ते राहिलं बाजूला. कुणी नकार दिला नाही. आपल्या गावाला असल्या कामाला बोलावणं लागत नाही. बैलांच्या शिंगांना मंडईचे गोंडे होतेच. बंड्या रपट्यावरून पलीकडे जायच्या, चिंचेला वळसा घालून परत यायच्या. पाहुण्यांची पोरं बंडीत बसून चकरा मारत होती. त्यांना वाटलं, हाही मंडईतलाच एक पाळणा.

दुपारपर्यंत तू रेघा मारत राहिलास. मग पेन्सिल खाली ठेवलीस.

"उप, ह्ये काय चालवून राहिला?"

"रहदारी."

"त्या ढवळ्या बैलाचं डावं शिंग मोडलं हाये. सकाळपासून तो आठव्यांदा चाल्ला."

"आठदा जाते तं आठदा लिही ना. बैल खोटा हाये का?"

"बैल खोटा नाई. त्याले तिकडं काय काम हाये ते सांग."

मला उत्तर नसलं की माझी जीभ कशी चालते, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? मी चार माणसांसमोर म्हणालो, "तुले काय कळनार? तू पगारवाला मानूस. तुह्या पायात बूट हायेत. चिखलात तं गाव राहते."

तू माझ्याकडे पाहिलंस. ते पाहणं मी बारा वर्षं विसरू शकलो नाही. मग तू पेन्सिल उचललीस आणि लिहायला लागलास. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. चार उभ्या, पाचवी आडवी. संध्याकाळपर्यंत एकही बंडी सोडली नाहीस.

दौलत, त्या चिखलातून माझ्यापेक्षा जास्त वेळा तू गेला होतास. बूट हातात घेऊन आणि बॅग डोक्यावर धरून. हे मला ठाऊक असूनही मी ते बोललो. रविवारी हे सगळ्यांसमोर वाचलं जाईल. जाऊ दे. ते चारचौघांतच बोललो होतो, परत घ्यायचं तेही चारचौघांतच घेतो.

पुढे काय झालं ते गावाला अर्धंच माहीत आहे. काही महिन्यांनी ऑफिसातून बोलावणं आलं. तू आणि मी फटफटीवर गेलो. साहेबांनी कागद पाहिला आणि चष्मा काढून पुन्हा लावला. "एवढी रहदारी? मग इथे लहान पूल देता येणार नाही. दोन पदरी लागेल, उंच लागेल, दोन्ही बाजूंना जमीन घ्यावी लागेल." मी टेबलाखालून तुझा गुडघा दाबला. आनंदानं फुटायचा बाकी होतो मी. मोठा पूल! मग साहेब म्हणाले, "पण एवढा पैसा जिल्ह्याजवळ नसतो. प्रस्ताव वर पाठवावा लागेल."

"वर म्हंजे कुठं जी?" तू विचारलंस.

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं.

आराखड्यातून आपलं नाव निघालं. दुसऱ्या एका गावाचा पूल त्या जागी बसला आणि दोन वर्षांत बांधूनही झाला. परतताना तू मागे बसला होतास. माझ्या कानाशी म्हणालास, "आपन गर्दी दाखवाले गेलो, उप, अन् गाडीच हुकली." त्यात राग नव्हता. राग असता तर मीही भांडलो असतो आणि दोघंही मोकळे झालो असतो.

तुझ्या शेवटच्या ड्युटीच्या दिवशी फाट्यावर आम्ही तुला हार घातले. फटाके मीच आणले होते. गाडी निघून गेली आणि आपण चालत गावात आलो. तो रपटा ओलांडताना मी एकटाच बडबडत होतो. वहिनी दारात उभी होती. तू तिच्यासमोर जाऊन थांबलास आणि म्हणालास, "चला बाई, सुटे पैसे काढा." ती हसली. तूही हसलास. मला चहाचं विचारलं तेव्हा मी घरी काम आहे म्हणून निघून गेलो. काम काही नव्हतं.

त्यानंतर दरवर्षी पावसाळा सरला की तुझा अर्ज तयार असायचा. "मागील मोजणी मंडईच्या आठवड्यात झाल्याने रहदारी नेहमीपेक्षा अधिक दिसली, तरी फेरमोजणी व्हावी, ही विनंती." बंड्यांचा उल्लेख नाही. माझं नाव नाही. ढवळ्या बैलाचंसुद्धा नाही. सगळा दोष तू मंडईच्या माथी मारलास. फक्त जुन्या कागदावर पंचायतीच्या वतीनं सही माझी होती, म्हणून नव्या अर्जावरही माझीच लागणार होती. आणि मी देत नव्हतो.

"मोठा पूल येऊन राहिला," मी म्हणायचो. "दोन ट्रक आमोरासमोर जातीन असा."

"कोनाचे ट्रक?"

"येतीन."

"आंदी एक बस तं येऊ दे, गड्या."

"लहान पुलावर गावानं काहून राजी व्हाचं? आपन काय भीक मांगून राहिलो का?"

"पान्यात उभं राहून मोठ्या पुलाची वाट पाहाची, यापेक्षा लहान पुलावर उभं राहून पाहू."

तुझं म्हणणं बरोबर होतं आणि मला ते पटतही होतं. पण मी निवडणुकीत मोठ्या पुलाच्या नावावर मतं मागितली होती. प्रस्ताव वरून त्रुटी लागून खाली यायचा, पुन्हा वर जायचा, आणि मी दरवेळी चावडीवर सांगायचो, "यंदा नक्की." खरं तर मला पूलबिल काही नको होता. माझी ती सही खोटी होती, हे मला कुणासमोर कबूल करायचं नव्हतं. माझी स्वतःची नात पावसाळ्यात कॉलेज बुडतं म्हणून लाखांदूरला खोली करून राहिली. तिला सोडायला मीच गेलो, गादी-भांडी डोक्यावर घेऊन त्याच पाण्यातून, आणि तरी सही केली नाही. तू त्या दिवशी पलीकडच्या काठावर उभा होतास. तिची पेटी तू हातात घेतलीस आणि मला काही म्हणाला नाहीस.

काही तरी म्हणायचं होतंस रे. एखादी शिवी द्यायची होतीस.

या पावसाळ्यानंतर तू आलास तेव्हा तुझे गुडघे पार गेलेले. माझ्या ओसरीची दोन पायऱ्यांची चढण चढून तुला धाप लागली. मी म्हटलं, "ठेव अर्ज, पाहतो."

"ठेवाले नाई आनला. आता मले दरसाल चालवत नाई, उप."

मी चष्मा शोधायचं नाटक केलं. चष्मा डोक्यावरच होता, आणि तूही तसं सांगितलं नाहीस. मग सही केली. तू कागदाची घडी घालून वरच्या खिशात ठेवलीस, खिशावर थाप मारलीस आणि म्हणालास, "चहा तं पाज." नऊ वर्षांची ओढाताण तू एका कप चहावर मिटवलीस. मी चहाचं सांगायला आत गेलो आणि चुलीजवळ तसाच उभा राहिलो. बायको म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, धूर गेला डोळ्यात. ती म्हणाली, गॅस आहे.

'माझं चुकलं' यात दोनच शब्द आहेत. तेवढे घेऊन मी बाहेर आलो आणि तुला विचारलं, "साखर बरोबर हाये ना?"

यंदा ऑफिसात नवीन अभियंता मॅडम आहेत, आपल्या पोरींच्या वयाच्या. त्यांनी स्वतः येऊन पाहिलं. मंडई नाही, धान विकायची धांदल नाही, असा थंडीतला साधा आठवडा निवडला. मोजायला गावातलीच दोन माणसं घेतली, तू आणि मी. दोघांनी वेगवेगळे कागद भरायचे, आणि संध्याकाळी शेजारी शेजारी ठेवून जुळवायचे. आकडे जुळले तरच सही.

ते दोन दिवस, दौलत! मोहाखाली दोन खुर्च्या, मधे थर्मास, पाठीवर ऊन, आणि समोर बांध्यांतून लाखोरीची निळी फुलं. आपण दोघं इतका वेळ असे नुसते बसलो होतो ते शेवटचं कधी, मला आठवत नाही. पहिल्या दिवशी एक बंडी आली तेव्हा तू मान वाकडी करून बैलाचं शिंग पाहिलंस आणि डोळा मारलास. "ढवळा कुठं हाये, उप?" मी म्हटलं, "तो मेला लेका, आता तरी त्याचा पिच्छा सोड." तू इतका हसलास की एक सायकल तुझ्या कागदावर यायची राहिली. संध्याकाळी कागद जुळेनात. मी म्हटलं, "जिंदगीत पहिल्यांदा कंडक्टर चुकला." तू ती रेघ मारलीस आणि म्हणालास, "खूश?" मी खूश होतो. फार खूश होतो.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तेव्हा मी म्हटलं, "दौलत, तुले एक सांगाचं होतं."

नेमका ट्रॅक्टर आला. तू हात वर केलास, थांब. रेघ मारलीस. "हं, सांग."

"राहू दे. उद्या सांगतो."

"उद्या सांगजो. पाच दिवस हायेत आनखी."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दोन कप घेऊन जाऊन बसलो. तुझा शेजारी सायकलनं आला तेव्हा मी त्याच्या सायकलची रेघ मारायला पेन्सिल उचलली होती. त्यानं सांगितलं, तू स्वेटर घालत होतास. एक बाही घातली, दुसरी घालायची राहिली, आणि तू पलंगावर बसलास तो बसलासच. मी पेन्सिल तशीच धरून तुझ्या घरापर्यंत आलो. त्या सायकलची रेघ राहून गेली.

मॅडमना कळलं तशा त्या स्वतः आल्या, माझ्या खुर्चीत बसल्या आणि दोन दिवस त्यांनी मोजलं. तुझा मुलगा पुण्याहून यायचा होता, म्हणून तुला दुसऱ्या दिवशी न्यायचं ठरलं.

आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला फाट्याकडून हॉर्न ऐकू आला.

तुझे डेपोतले लोक होते. नोकरीतले, रिटायर झालेले, सगळे मिळून बस करून आले होते. बस फाट्यावर ठेवून पायी यायचं त्यांचं ठरलेलं होतं. पण गाडी चालवणारा तुझ्यासोबत वर्षानुवर्षं राहिलेला तो टकल्या. तो एकटाच रपट्यापर्यंत चालत आला, उतारावर उभा राहिला, पाणी पाहिलं. घोट्याएवढं होतं. परत गेला, सगळ्यांना खाली उतरवलं, आणि रिकामी बस घेऊन आला. लोक दोन्ही बाजूंनी चालत होते. "डावीकडं दाब... येऊ दे... येऊ दे..." मागचा पत्रा दगडाला घासला तेव्हा मला वाटलं, अडकली. नाही अडकली. चढली. म्हातारी माणसं अंगणातल्या खाटांवरून उठून उभी राहिली. पोरं धावली नाहीत की ओरडली नाहीत, चूपचाप बाजूला झाली.

बस तुझ्या घरापुढं थांबली. वहिनी दारात उभी होती, सकाळपासून तिच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता. बसमध्ये दाराशी एक कंडक्टर पोरगी होती, नवीनच असावी. तिला कुणी सांगितलं होतं की काय, मी विचारलं नाही. तिनं दोरी ओढली. दोनदा.

वहिनीचा हात पदराच्या गाठीकडे गेला, सुटे पैसे काढायला जावा तसा. मग ती उंबऱ्यावर खाली बसली आणि तिला कुणालाच उठवता आलं नाही.

घाट नाल्यापलीकडे, म्हणून काही जण म्हणाले, बसमधूनच न्या. वहिनीनंच नको म्हटलं. "खांद्यावर न्या. जिंदगीभर लोकाईले जागा देल्ली, सोता उभेच राहिले. आज त्याईले झोपून जाऊ द्या." बस मागून हळूहळू आली, रिकामी. गावोगावचे लोक होते, मोटारसायकली, जीपा, ट्रॅक्टर. त्या रपट्यानं एवढी गर्दी मंडईतही पाहिली नसेल. आणि या वेळी मी कुणालाही गोळा केलं नव्हतं, दौलत. सगळे आपल्या पायानं आले होते.

पुढच्या सकाळी मी खुर्चीत जाऊन बसलो. मॅडमनी आदल्या दिवसाचा कागद माझ्यासमोर ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बसच्या रकान्यात रेघ होती. येणारी एक. जाणारी एक.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "हा दिवस धरता येणार नाही. अशा गर्दीचा दिवस मोजणीत घेत नाहीत. आपण पुढे एक दिवस वाढवू. हा धरला तर सरासरी चढेल, आणि पूल पुन्हा वर जाईल. आराखड्याची बैठक पुढच्या महिन्यात आहे."

"मॅडम, सगळं काढा. मोटारसायकली काढा, ट्रॅक्टर काढा. एवढी बस राहू द्या. एकच तं हाये. अन् ते खोटी नाई हो, ते खरंच आल्ती. मी पाह्यली."

"मलाही माहीत आहे. रेघ मीच मारली," त्या म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते. "पण काका, ती रोज येते का?"

तुझाच प्रश्न होता तो. बैल खोटा नाही, त्याला तिकडं काय काम आहे ते सांग. बारा वर्षांनी एका पोरीनं मला तोच विचारला. फक्त या वेळी जीभ चालली नाही. मी पेन मागितलं. कागदावर आडवं लिहिलं, "असाधारण दिवस. मोजणीतून वगळावा." आणि खाली सही केली. सही वाचता येईल अशी आली आहे.

म्हणजे तू गेलास तो दिवस कागदावर नाही. तुझ्या घरापुढं बस आली, ते कागदावर नाही. ज्या माणसानं आठ फेऱ्यांचा बैल कागदावर चढवला, त्याच माणसानं ती बस उतरवली. तू असतास तर चहा मागितला असतास.

पुढच्या महिन्यात मॅडमसोबत मी बैठकीला जाणार आहे. तोंड बंद ठेवून बसायचं कबूल केलंय. लहान पूल, एका वेळी एक गाडी. होईल की नाही, मला ठाऊक नाही. "यंदा नक्की" मी आता कुणाला म्हणत नाही.

काल शेवटचा, वाढवून घेतलेला दिवस होता. मॅडम म्हणाल्या, जोडीला दुसरा माणूस देऊ का? मी नको म्हटलं. दिवसभर एकटा बसलो. दोन बंड्या गेल्या आणि आल्या, मी शिंगं पाहून रेघा मारल्या. दुपारी रस्ता बराच वेळ मोकळा होता. तेव्हा मी बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून म्हटलं, "दौलत, माहं चुकलं गड्या. तेव्हाच चुकलं होतं." मोठ्यानं म्हटलं. कोणी नव्हतं. मधे ट्रॅक्टरही आला नाही.

उन्हं कलली तशा सगळ्या रकान्यांच्या बेरजा केल्या. शेवटी बसचा रकाना उरला. तिथे शून्य लिहिलं. मग रोजच्यासारखा कागद तुझ्या खुर्चीवर ठेवला, आणि जुळवायला तुझ्या कागदाची वाट पाहत बसून राहिलो.